सोलर घरातला जनरेटर: एका लिटरमधून किती युनिट निघतात?

ढगाळ हवेचा तिसरा-चौथा दिवस उजाडतो, बॅटरी निम्म्याखाली जाते आणि ऑफ-ग्रिड (विजेच्या लाईनला न जोडलेल्या) घरात जनरेटरची दोरी ओढली जाते. त्यात गैर काहीच नाही. पण तो किती वेळ चालवायचा, त्यावर काय काय लावायचं आणि बंद कधी करायचा, हे बहुतेक घरांत आधी ठरलेलं नसतं. मग संध्याकाळी दिवे, पंखे आणि फ्रिजसाठी जनरेटर चार तास फुरफुरत राहतो, टाकी रिकामी होते आणि बॅटरी होती तिथेच राहते.

सोलर घरातला जनरेटर घर चालवण्यासाठी नसतो, बॅटरी चार्ज करण्यासाठी असतो. थोडा वेळ चालवायचा, पण चालेल तेवढा वेळ भरपूर लोड देऊन चालवायचा. खालच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात.

आधी मोजमाप

साधा पेट्रोल जनरेटर ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे घेतो. लोड असो वा नसो, फेरे तेवढेच. २.८ किलोवॉटचा असा जनरेटर जवळपास रिकामा चालला तरी तासाला सुमारे ०.७ लिटर पितो. त्याच्यावर २१०० वॉटचा लोड टाकला तर साधारण १.२ लिटर लागतं. आता भागाकार करा. ३०० वॉटवर एका लिटरमागे अर्धं युनिटही मिळत नाही, २१०० वॉटवर पावणेदोन युनिट मिळतात. इंजिन तेच, पेट्रोल तेच, फरक चौपट. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर कमी लोडवर फेरे उतरवतो, त्यामुळे तिथे हा फरक कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

आपल्या यंत्राचा आकडा स्वतः काढावा. टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या लोडवर बरोबर एक तास चालवा, बंद करून थंड होऊ द्या आणि मापाच्या भांड्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. त्या तासातले युनिट जनरेटरच्या वायरवर बसवलेल्या साध्या एनर्जी मीटरवर वाचा. लिटरमागे सव्वा युनिटपेक्षा कमी येत असतील, तर लोड हलका आहे किंवा जनरेटर गरजेपेक्षा मोठा आहे. आकडा एका वहीत तारखेसह लिहा. वर्षभरात हीच वही सगळ्यात उपयोगी पडते.

जनरेटर किती मोठा हवा

हिशोब घरातल्या उपकरणांपासून सुरू करू नका, बॅटरीपासून करा. समजा ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बँक (बॅटऱ्यांचा संच) आहे, म्हणजे साधारण ९.६ युनिटची. पाणी घालायच्या बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या ते आठव्या भागाइतका करंट मानवतो. आपण २५ अँपिअर धरू. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज ५६ च्या आसपास असतं, म्हणजे १४०० वॉट. चार्जरमध्ये दहा-बारा टक्के उष्णतेत जातात, म्हणून जनरेटरकडून १६०० वॉट लागतात.

इथे फसगत होते ती पॉवर फॅक्टरमुळे, म्हणजे वापरलेले वॉट आणि ओढलेले व्होल्ट-अँपिअर (व्हीए) यांच्या गुणोत्तरामुळे. जुन्या ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास असतो. त्याला १६०० वॉट घ्यायला जवळपास २३०० व्हीए ओढावे लागतात. पॉवर फॅक्टर सुधारणारा चार्जर असेल तर १६५० व्हीएमध्ये काम भागतं. ‘वॉटमध्ये तर बसतंय, मग जनरेटर का गुदमरतो?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

चार्जरचे १६०० आणि घरातले चालू ५०० वॉट धरले, तर २.८ किलोवॉट सलग क्षमतेचा जनरेटर पाऊण भरतो, आणि हीच त्याची योग्य जागा. याच बँकेला ५ किलोवॉटचा जनरेटर जोडला तर चार्जिंगपुरता तो एक तृतीयांशच भरेल आणि फुकट इंधन पिईल. डिझेल इंजिन तर ३० टक्क्यांखाली सतत चालवलं की न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, धूर वाढतो, ताकद घटते.

खोक्यावरचा मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा कमाल क्षमतेचा असतो, तो काही मिनिटांपुरताच खरा. सलग क्षमता वेगळी, बारीक अक्षरात असते. हिशोबाला तीच घ्यावी. उंचावर हवा विरळ होते, तेव्हा दर ३०० मीटरला साधारण ३ ते ३.५ टक्के ताकद कमी होते. १५०० मीटरवर २.८ किलोवॉटचे २.४ च धरा.

लिथियम बँक यापेक्षा बराच जास्त करंट घेते, क्षमतेच्या निम्म्यापर्यंतही. त्यामुळे तिथे जनरेटरची मर्यादा आधी येते आणि चार्जरचा करंट जनरेटर पाहून ठरवावा लागतो. शून्य अंशाखालच्या थंडीत मात्र लिथियम बॅटरी चार्ज करू नये.

केव्हा सुरू करायचा, केव्हा थांबवायचा

लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर करंट घेते. त्यानंतर व्होल्टेज मर्यादेला टेकतं आणि करंट हळूहळू उतरत जातो. वरच्याच उदाहरणात ५० वरून ८० टक्क्यांवर यायला अडीच तास लागतात, पेट्रोल ३ लिटर, आणि त्या वेळात घरालाही सव्वा युनिट मिळतं. ८० वरून १०० वर जायला आणखी चार तास लागतात, शेवटी करंट ३-४ अँपिअरवर येतो, आणि त्या चार तासांत सुमारे ३ लिटर जळून बॅटरीत दोन युनिटही जात नाहीत.

म्हणून जनरेटर पहाटे किंवा सकाळी लवकर चालवावा. तेव्हा बॅटरी सगळ्यात रिकामी असते, करंट पूर्ण ओढते. ८० टक्के झाले की बंद करून उरलेलं काम उन्हावर सोडावं. उतरत्या करंटचं रेंगाळणारं काम कमजोर उन्हालाही झेपतं. संध्याकाळी बॅटरी भरून ठेवली, तर सकाळी येणाऱ्या उन्हाला तिच्यात जागा उरत नाही.

याला एक अपवाद आहे. रात्र निघणारच नाही अशी स्थिती असेल, तर संध्याकाळी तासभर चालवावा लागतो. त्या तासात पंप, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन अशी जड कामं आटोपून घ्या. मात्र एका वेळी एकच, आणि चार्जरसह एकूण लोड सलग क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. पंपाची मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, म्हणून आधी पंप सुरू करा, मग चार्जरचा करंट वाढवा.

दुसरी काळजी फक्त लेड-ॲसिडसाठी. रोज ८० टक्क्यांवर थांबवत राहिलं तर प्लेटवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि क्षमता कायमची घटते. दोन-तीन आठवड्यांत एकदा तरी बॅटरी १०० टक्के भरली पाहिजे. शक्य तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी. ऊन नसेलच, तर त्या दिवशी जनरेटरवर तेवढे तास खर्ची घालावेत, ते वाया जात नाहीत. भरली की नाही हे हायड्रोमीटरने (बॅटरीतल्या आम्लाचं घनत्व मोजणाऱ्या नळीने) तपासा: सगळ्या सेलमध्ये १.२६५ ते १.२८० च्या आसपास आणि एकमेकांशी जुळतं घनत्व हवं. इन्व्हर्टरच्या पडद्यावरच्या टक्क्यांवर विसंबू नका. लिथियमला ही अडचण नाही. ती ६० टक्क्यांवर महिनाभर राहिली तरी बिघडत नाही, फक्त सेल बॅलन्स होण्यासाठी अधूनमधून पूर्ण भरावी.

ऑटो-स्टार्ट असेल तर लेड-ॲसिडला ५० टक्क्यांवर सुरू आणि ८० ते ८५ वर बंद, लिथियमला २० वर सुरू आणि ५० ते ६० वर बंद, असं ठेवून पाहा. फक्त व्होल्टेजवर बसवाल तर पंप लागला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि जनरेटर विनाकारण सुरू होतो. पंधरा मिनिटांचा विलंब ठेवा. लिथियमचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, म्हणून तिथे शंट (करंट मोजणारी पट्टी) किंवा बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) यांच्याकडून येणारे टक्केच वापरा. आणखी एक गंमत अशी की ऑटो-स्टार्टचा जनरेटर फसतो तो बहुधा स्टार्टरची छोटी बॅटरी उतरल्यामुळे. छपरावर किलोवॉटने सोलर असतो आणि स्टार्टरच्या बॅटरीकडे कोणी पाहत नाही. तिला १० ते २० वॉटचं वेगळं पॅनेल आणि छोटा कंट्रोलर द्या.

जोडणी

जनरेटर इन्व्हर्टरच्या एसी इनपुटला जोडा किंवा चेंजओव्हर स्विचमधून (तो एका वेळी एकाच स्रोताला घराशी जोडतो). दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खोचून घराला वीज देणं हा जिवाशी खेळ आहे: एक पिन उपटली की तिच्या उघड्या टोकांवर पूर्ण व्होल्टेज असतं. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जनरेटरची वीज आली तर इन्व्हर्टर बहुधा त्याच क्षणी जळतो. घरात ग्रिड-टाय इन्व्हर्टर (चालू असलेल्या एसी विजेशी जुळवून सोलर वीज देणारा) एसी बाजूने जोडलेला असेल, तर जनरेटर चालू असताना तो तोडला जाईल अशी व्यवस्था हवी, कारण उलट येणारी वीज जनरेटरला पचवता येत नाही.

न्यूट्रल आणि अर्थचा जोड संपूर्ण यंत्रणेत एकाच ठिकाणी असावा. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरांत न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नसतो. अनेक इन्व्हर्टर बॅटरीवर असताना हा जोड आतल्या रिलेने करतात आणि बाहेरून वीज आली की सोडतात. म्हणजे जनरेटर चालू झाला की जोड कुठेच नाही, आणि गळती झाली तरी ईएलसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) उडत नाही. ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून हा दोष कळत नाही. बटणाची चाचणी जोड नसतानाही यशस्वी होते. मल्टिमीटर घ्या. जनरेटर चालू असताना न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य आणि फेज ते अर्थ २३० व्होल्ट दिसले पाहिजेत. दोन्हीकडे शंभराच्या आसपास तरंगते आकडे दिसले, तर जोड नाही. तो कुठे करायचा हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून ठरवून घ्या. दोन ठिकाणी झाला तर ईएलसीबी उगीच उडत राहील.

जनरेटर लांब ठेवायचा तर वायर जाड हवी. ३० मीटर अंतरावर १६ अँपिअर नेताना २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे ७ व्होल्ट पडतात, १.५ च्या वायरीत साडेअकरा. एक्स्टेंशन रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळाची वायर तापून वितळते.

चार्जर जनरेटरला नाकारतो तेव्हा

जनरेटर व्यवस्थित चालतोय, इन्व्हर्टर (ज्याच्या आत चार्जर असतो) मात्र त्याची वीज घेत नाही किंवा घेऊन दर मिनिटाला सोडतो, ही सर्वांत नेहमीची तक्रार. साधा जनरेटर रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या पुढे जातो आणि लोड पडला की ५० च्या खाली येतो. इन्व्हर्टर कडक मर्यादेवर असेल तर तो ही वीज खराब समजतो. सेटिंगमध्ये ‘यूपीएस’ऐवजी रुंद मर्यादेचा ‘अप्लायन्स’ किंवा ‘जनरेटर’ मोड निवडा. व्होल्टेजचे धक्के ज्यांना सोसत नाहीत अशी नाजूक उपकरणं त्या वेळी बंद ठेवा.

तरी जमलं नाही तर चार्जरचा करंट निम्म्यावर आणा. सुरू झाल्यावर दर दहा मिनिटांनी ५ अँपिअर वाढवा आणि जनरेटरच्या टोकाला व्होल्टेज पाहा. २२० च्या खाली जाऊ लागलं किंवा इंजिनाचा आवाज लाटेसारखा वर-खाली होऊ लागला की एक पायरी मागे या आणि तो आकडा कायम करा. लोड नसतानाही आवाज लाटांसारखा येत असेल, तर दोष चार्जरचा नाही. बहुधा कार्ब्युरेटरचा बारीक जेट (पेट्रोलचं छिद्र) चोंदला आहे.

ऊन आणि जनरेटर एकाच वेळी चार्ज करत असतील, तर दोघांचा करंट बॅटरीत मिळून जातो. एकूण मर्यादा सेटिंगमध्ये बांधली आहे ना, पाहा.

धूर

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि माणूस झोपेतच जातो. पडवी, गॅरेज, जिन्याखालची जागा, दार उघडं ठेवलेली खोली यांपैकी काहीही सुरक्षित नाही. घराच्या दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर, धूर घरापासून उलट दिशेला, आणि घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म. पावसासाठी वर छप्पर करा, पण बाजू मोकळ्या ठेवा, चहूकडून एक मीटर जागा सोडून.

गरम इंजिनावर पेट्रोल कधीच ओतू नका. बंद करा, पंधरा मिनिटं थांबा. टाकी काठोकाठ भरू नका.

इंधन किती साठवायचं आणि किती टिकतं

तुमच्या भागातला ऊन नसलेला सगळ्यात लांब काळ आठवा. समजा सात दिवस. घराची गरज रोज ५ युनिट, ढगातून पॅनेल देतात दीड, तूट साडेतीन. बॅटरीतून जाऊन येताना लेड-ॲसिड सुमारे २० टक्के खाते, म्हणून जनरेटरकडून ४.४ युनिट हवेत. लिटरमागे १.८ युनिट धरले तर रोज अडीच लिटरच्या आत, आठवड्याला १७ लिटर. त्यावर निम्मे चढवून २५ लिटरचा साठा ठेवा. यापेक्षा जास्त पेट्रोल साठवण्यात शहाणपण नाही, कारण ते शिळं होतं.

साधं पेट्रोल तीन ते सहा महिन्यांत उतरतं. हलके घटक उडून जातात, डिंकासारखा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावाही ओढतं आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. स्टॅबिलायझर घालायचं तर ताज्या पेट्रोलमध्ये, शिळ्यात नाही. कॅनवर भरल्याची तारीख लिहा, जुना कॅन आधी वापरा. कॅन इंधनासाठीच बनवलेले, घराबाहेर, सावलीत, बॅटरी खोलीपासून दूर ठेवा. चार्जिंग होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याच्या शेजारी पेट्रोल ठेवणं म्हणजे निमंत्रण.

डिझेल सहा महिने ते वर्षभर टिकतं, पण टाकीच्या तळाशी पाणी साचलं की त्यात जंतू वाढतात आणि काळपट बुळबुळीत गाळ फिल्टर चोंदवतो. टाकी भरलेली ठेवली तर ओलावा कमी शिरतो. एलपीजी शिळा होत नाही; ताकद मात्र दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते आणि कडक थंडीत सिलिंडरमधून वायू मंद येतो.

देखभाल, थोडक्यात

नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या २० तासांनी बदला, त्यात धातूचा चुरा असतो. पुढे दर ५० ते १०० तासांनी. पातळी दर आठ तासांनी, यंत्र सपाट जागी ठेवून पाहा. तिरपं असेल तर कमी ऑइलचा सेन्सर ऑइल असूनही इंजिन बंद करतो आणि माणूस स्पार्क प्लग खोलत बसतो. एअर फिल्टर ५० तासांनी, प्लग १०० तासांनी, फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

सुरू करताना लोड न लावता दोन-तीन मिनिटं. बंद करताना आधी चार्जर सोडा, तीन ते पाच मिनिटं रिकामा चालू द्या, मग बंद. महिन्याहून जास्त उभा राहणार असेल तर इंधनाचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. मोसमात महिन्यातून एकदा १५-२० मिनिटं, लोडसह. रिकामी चाचणी फसवी असते.

लिटर कमी कसे करायचे

वहीतले महिन्याचे लिटर पाहा आणि सगळ्यात आधी इन्व्हर्टरकडे वळा. ५ केव्हीएचा इन्व्हर्टर काहीही चालू नसताना ५० ते ६० वॉट स्वतः खातो. चोवीस तासांत सव्वा ते दीड युनिट, म्हणजे ढगाळ दिवसात जवळपास एक लिटर पेट्रोल, फक्त इन्व्हर्टर जागा ठेवण्यासाठी. रात्री दिवे आणि राउटर डीसीवर किंवा छोट्या इन्व्हर्टरवर नेता आले तर मोठा बंद ठेवा. सर्च मोड (लोड लागेपर्यंत इन्व्हर्टरला झोपवून ठेवणारा) असेल तर तो लावून पाहा. मात्र काही एलईडी आणि फ्रिज त्यात नीट सुरू होत नाहीत.

मग पॅनेल. दाट ढगात पॅनेल उन्हाच्या १० ते २० टक्केच देतात. २ किलोवॉटचे पॅनेल स्वच्छ दिवशी ८ युनिट देत असतील, तर गच्च ढगात एक-दीड. पॅनेल दुप्पट केले की तेही दुप्पट होतं. उन्हाच्या दिवशी हे जादा पॅनेल वाया जातात, जाऊ द्या. ते ढगाळ दिवसांसाठी घेतले आहेत. एमपीपीटी कंट्रोलरच्या (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणाऱ्या यंत्राच्या) वॉटपेक्षा जास्त पॅनेल बहुधा चालतात, तो करंट स्वतः रोखतो. पण कंट्रोलरची कमाल पॅनेल क्षमता त्याच्या पुस्तिकेत पाहा, आणि व्होल्टेजची मर्यादा कधीच ओलांडू नका. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज २५ अंशांखाली दर अंशाला सुमारे ०.३ टक्के वाढतं. थंड सकाळचा हिशोब न करता मालिकेत एक पॅनेल जादा लावलं की कंट्रोलर जळतो, आणि वॉरंटी मिळत नाही. नवे पॅनेल पूर्व आणि पश्चिमेकडे कमी उतारावर लावले तर सकाळ-संध्याकाळचे तास वाढतात, आणि ढगातला विखुरलेला उजेड सपाट पॅनेल थोडा जास्तच पकडतं.

बॅटरी वाढवून मात्र ही तूट भरत नाही. मोठी बँक ढगाळ काळाचे पहिले एक-दोन दिवस ओढून नेते. पुढे तिलाच भरायला जास्त पेट्रोल लागतं. लेड-ॲसिडची मोठी बँक, पॅनेल थोडे, अशी यंत्रणा वर्षभर अर्धवट भरलेली राहते आणि लवकर मरते. खर्च करायचाच असेल तर आधी इन्व्हर्टरचा रिकामा वापर, मग पॅनेल, मग पॉवर फॅक्टर सुधारणारा चार्जर, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी.